एका हाकेत येणारा

गल्लीतल्या इतर बायकांची मुलं हाक मारली की "आलो, आलो" म्हणायची आणि यायची नाहीत. दोरवालीचा मुलगा "आलो" म्हणायच्या भानगडीत पडत नसे. तो सरळ यायचा. एवढ्या एका गोष्टीवर दोरवालीनं गल्लीत बरीच वर्षं मान ताठ ठेवली. मान ताठ ठेवावी असं दुसरं तिच्याकडे फारसं नव्हतं. नवरा लवकर गेला होता, घर एका खोलीचं होतं, आणि घराला लागून दोर वळायची पडवी होती. पडवी मात्र लांबलचक. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस तोंडावरून नाही, चालीवरून ओळखावा लागे.

काळजी करण्यात दोरवालीचा हात धरणारं कोणी नव्हतं. मूल चालायला लागलं तेव्हा तिनं त्याच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. बायका खूप हसल्या. पुढे हसणाऱ्यांपैकी एकीचा मुलगा विहिरीत पडला. पाणी कमी होतं म्हणून वाचला. दोरवाली त्यावर एक शब्द बोलली नाही, फक्त त्या बाईच्या घरासमोरून चारदा जाऊन आली, मुलाला बांधून.

मुलगा थोडा मोठा झाल्यावर तिनं त्याला कामाला लावलं. दोर वळायचं काम दोघांचं. एकानं पडवीच्या एका टोकाला लाकडी मूठ दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. त्या मुठीला दोराचं टोक बांधलेलं असतं. दुसऱ्यानं पलीकडच्या टोकाला चाक फिरवून पीळ भरायचा. पीळ पुरता भरला, चाकाकडची गाठ बसली, की चाकवाल्यानं हाक द्यायची, "सोड!" त्याआधी मूठ सोडली तर दोर सापासारखा उसळतो, पीळ उलटा फिरतो आणि दिवसभराच्या कामाचा असा गुंता होतो की सोडवत बसण्यापेक्षा चुलीत घातलेला बरा.

"मी हाक मारेपर्यंत सोडायचं नाही," तिनं मुलाला सांगितलं.

"बरं," मुलगा म्हणाला.

एके दिवशी दोर अर्धा भरला असताना शेजारची लोहारीण अडली. कोणीतरी धावत आलं, दोरवाली चाकाला खीळ घालून धावत गेली. लोहारणीचं बाळंतपण अवघड निघालं. मुलगी झाली, ती आधी रडेना, मग थांबेना. ह्या सगळ्यात दिवस मावळला. हात धुताना दोरवालीला मुलगा आठवला. ती तशीच ओल्या हातांनी पडवीत आली. मुलगा मूठ धरून उभा होता. पाय थरथरत होते, ओठ सुकले होते, आणि दोर एवढासुद्धा सैल पडला नव्हता.

"सोड," ती म्हणाली.

त्यानं सोडायचा प्रयत्न केला. बोटंच उघडेनात. तिनं खाली बसून एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून सुरुवात करून. तळहात सोलवटले होते.

त्या वेळी त्याला दोन रट्टे द्यायला हवे होते. अरे मूर्खा, आई नाही आली तर टाकावं आणि शोधायला यावं, एवढंही कळत नाही का, असं म्हणायला हवं होतं. पण लोहारणीकडे जमलेल्या बायका मागोमाग आल्या होत्या, त्यांनी तोंडात बोटं घातली होती, आणि दोरवालीला इतकं कौतुक एका जागी पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. तिनं त्याला कडेवर घेतलं, एवढा मोठा घोडा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शहाणं गं माझं बाळ ते!"

मुलानं ते नीट ऐकून घेतलं.

गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव खुंट्या ठेवलं. लपंडावात राज्य आलं की तो राज्य घेऊन जो उभा राहायचा तो राहायचाच. बाकीचे घरी जाऊन जेवायचे. लोहारणीची मुलगी जरा मोठी झाल्यावर त्याला टोमणे मारायची, "खुंट्या, जा ना रे घरी, सगळे झोपले." ती स्वतः तिच्या आईच्या जिवाला घोर होती. हाक मारली की "आले गं, आले!" असा गोड आवाज यायचा आणि पाठोपाठ कोणीही यायचं नाही.

मोठा झाल्यावर तो फौजेत गेला. लढायला नाही, तोफा चढावर ओढून न्यायला दोर लागतात आणि दोर धरायला माणसं. आईला त्यानं तसंच सांगितलं होतं, की दोरच धरायचाय. तिनं विचारलं, "तोफेच्या पुढे उभं राहायचं की मागे?" तो म्हणाला, "मागे." मग तिनं जाऊ दिलं.

पहिल्याच लढाईत फौजेनं पळ काढला. पळायचा हुकूम सगळ्यांपर्यंत पोचला, ह्याच्यापर्यंत पोचला नाही. हा तोफेचा दोर धरून उभा. समोरचेही योगायोगानं त्याच वेळी घाबरून पळाले होते. सकाळी दोन्हीकडचे लोक भीत भीत पाहायला आले तेव्हा मैदानावर हा एकटाच होता. म्हणजे लढाई त्यानंच जिंकली होती. त्याला बढती मिळाली. पुढेही असंच काही ना काही होत गेलं. कुठेही ठेवला तर तो तिथेच सापडतो, हा गुण वरच्या लोकांच्या लक्षात आला. फौजेत अशी माणसं फार नसतात. त्यांना किल्ले देतात.

गावामागच्या डोंगरावरचा किल्ला त्याच्याकडे आला तेव्हा त्याच्या मिशीला अजून धड पीळही बसत नव्हता. आधीचा किल्लेदार लढाईची कुणकुण लागताच गुडघेदुखीसाठी हवापालटाला गेला होता. दोरवाली मुलाचं नवं घर पाहायला वर गेली. मुलानं मोठ्या हौसेनं सगळं दाखवलं: दारूची कोठी, पाण्याचं टाकं, पहारेकऱ्यांची खोली, मागचा कडा. ती प्रत्येक ठिकाणी कुठून पडता येईल तेवढं पाहत होती. किल्ला होता तो. सगळीकडूनच पडता येत होतं.

"जिन्याला कठडा नाही," ती म्हणाली.

"किल्ल्यांना नसतो, आई."

"मग बांधून घे. रात्रीचा उठतोस तू."

दरवाजावरच्या पहारेकऱ्यानं हसू दाबलं. तो एक भला मोठा म्हातारा होता, मिशा कल्ल्यांपर्यंत गेलेल्या. सगळे त्याला मिशीवाले म्हणत. मुलानं कठडा बांधून घेतला. दोराचा. दोर आईकडूनच नेला.

मग शत्रू आला. गाव त्यानं एका सकाळीत घेतलं, कारण गावानं ते दिलं. गावातल्या ज्यांचे नवरे, मुलगे किल्ल्यावर चाकरीला होते त्या बायका मुलंबाळं घेऊन वर पळाल्या. लोहारणीची मुलगीही गेली. तिचा नवरा वर तोफेवर होता आणि तिचे दिवस भरत आले होते. दोरवाली खालीच राहिली, कारण चाक वर नेता येत नव्हतं. शत्रूचे शिपाई दुकानात येऊन दोर मागायचे. ती विकायची. फक्त आखूड विकायची. शिडीला पुरेल एवढा लांब दोर तिच्याकडे त्या काळात कधी तयारच नसे.

किल्ला काही पडेना. दिवस जात होते, तोफा वाजत होत्या, दोरवाली प्रत्येक आवाजाला दचकायची आणि मग वरून उत्तराचा आवाज आला की पुन्हा कामाला लागायची. वरून उत्तर येतंय म्हणजे तो आहे. एके दुपारी शत्रूच्या सेनापतीनं तिला बोलावणं पाठवलं.

सेनापती वयस्कर होता, सभ्य होता आणि वैतागला होता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली.

"बाई, तुमचा मुलगा ऐकत नाही."

मुलाबद्दलची तक्रार दोरवालीनं जन्मात पहिल्यांदा ऐकली. घाबरून आली होती ती, पण तिचं डोकंच तडकलं.

"माझा मुलगा? काहीतरी गैरसमज होतोय तुमचा."

"तीनदा निरोप पाठवला. खाली ये, जीव वाचव. मदतीला कोणी येणार नाही, त्याची फौज पलीकडे हरलीये. त्याला ठाऊक आहे. तरी ऐकत नाही."

"निरोपानं कसा येईल? गल्लीत विचारा कोणालाही. माझ्या एका हाकेत येतो तो."

सेनापतीनं हातातली दुर्बीण मिटली.

"मग मारा हाक," तो म्हणाला.

असं ठरलं. ती वर जाईल, तिला सूर्य बुडेपर्यंत वेळ, तोवर एकही तोफ उडणार नाही. त्याआधी मुलगा रिकाम्या हातानं खाली आला तर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. सेनापतीनं हे स्वतःच्या मुलाची शपथ घेऊन सांगितलं. नाहीतर सूर्य बुडाला की सगळ्या तोफा एकदम. निघताना तिनं दारात थांबून विचारलं, "आणि वरची बाकी माणसं?"

"बघू," सेनापती म्हणाला.

पांढरं फडकं हातात घेऊन ती डोंगर चढली. वाटभर मनात एकच. हाताला धरून आणायचा, घरात घालायचा, कडी लावायची. पुढे काय ते कडी लावल्यावर.

मुलगा दरवाजात आला. वाळला होता. कानाजवळ खरचटलं होतं.

"हे काय?"

"काही नाही, दगडाचा कपचा उडाला."

"तोफेच्या मागे उभा राहणार होतास ना?"

"मागेच होतो, आई. ती दुसऱ्यांची तोफ होती."

तिनं त्याला सगळं सांगितलं. तोफा थांबल्यात, सेनापती तुला सोडायला तयार आहे, मुलाची शपथ घेतलीये त्यानं, चल. तो ऐकत होता, मान हलवत होता, लहानपणी हलवायचा तशीच. तिला वाटलं, झालं काम.

"आणि बाकीचे?" त्यानं विचारलं.

"बघू म्हणाले ते."

मुलाला हसू आलं.

"आई, बाजारात मी काही मागितलं की तू काय म्हणायचीस?"

"काय म्हणायचे?"

"बघू म्हणायचीस. मिळालं का मला एकदा तरी?"

त्याच्या मागे चौकात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर पोरं, बाजूला पाय बांधलेले, डोकी बांधलेले शिपाई. सगळे तिच्याकडे पाहत होते. ती कशाला आली आहे हे त्यांना कळलं होतं. लोहारणीची मुलगी पोटावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, खुंट्याला न्यायला आलीस होय?" टोमणा नव्हता. नुसतं विचारलं.

"मागच्या कड्यावर पहारा नाही त्यांचा," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "तिथून कोणी उतरेल असं वाटतच नाही त्यांना. दोर आहे, तुझाच आहे, कठड्याचा. पण दोर हळूहळू सोडत माणसं उतरवायला आमच्यात कोणाचा हात बसलेला नाही, मला नुसतं धरता येतं. परवा एक पोतं सोडून पाहिलं, फुटलं. आणि तोफा चालू असताना कड्यावर उभं राहता येत नाही. आज त्या बंद आहेत. तू मला समजावत असेपर्यंत."

"मग?"

"मग समजाव मला, सूर्य बुडेपर्यंत."

अडचण एवढीच होती की सेनापती खालून दुर्बिणीनं बघत होता, आणि एकाच बाईनं तटावर मुलाला समजावणं आणि कड्यावर दोर सोडणं एका वेळी जमणार नव्हतं. मिशीवाल्यांनी खाकरून सांगितलं की आपण बाईंच्याच उंचीचे आहोत. नव्हते. ते तिच्याहून हातभर उंच होते. पण तिची शाल त्यांनी डोक्यावरून घेतली, मिशा झाकल्या, जरा वाकले, आणि तटावर किल्लेदारासमोर उभे राहून हातवारे करायला लागले. आधी बिचकत करत होते, मग रंगात आले. पगार वेळेवर होत नाही, पहाऱ्याची पाळी बदलत नाही, असं मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. किल्लेदार मान खाली घालून ऐकत होता. खाली छावणीत सेनापती समाधानानं म्हणाला म्हणे, "बाई चांगलंच झापतेय."

मागच्या कड्यावर दोरवालीनं दोर दगडी खांबाभोवती फिरवून घेतला. खाली झाडी होती, झाडीपलीकडे नदी. तिला स्वतःला खाली बघवत नव्हतं. म्हणून तिनं बघितलं नाही. दोर हातात असला की तिला बघायची गरज नसे. "धर... घट्ट... सोड. हळू. सोड." पोरं आधी गेली, पाठीवर बांधून. एक पोरगं वरून खाली जाईपर्यंत हसत होतं, तिचाच जीव गोळा झाला. मग बायका, मग जखमी, मग धडधाकट शिपाई. उतरलेले झाडीत शिरत होते. ऊन पिवळं झालं, मग तांबडं.

मुलगा एकदा येऊन पाहून गेला.

"शेवटचा माणूस उतरला की हाक मारते," ती म्हणाली. "हाक मारली की हातातलं टाकून यायचं. काय?"

"बरं," मुलगा म्हणाला.

ती निश्चिंत झाली. "बरं" म्हणून तो कधी फिरला नव्हता.

शेवटी राहिली लोहारणीची मुलगी. दोरवालीनं तिला हाक मारली. "आले गं मावशी, आले!" असा आवाज आला आणि ती आली नाही. बाळासाठी शिवलेली दुपटी खोलीत राहिली होती, ती आणायला गेली होती. दोरवाली ओरडली, "अगं, दुपटी काय करायचीयत!" "आले, आले!" नवऱ्यानं तिला अक्षरशः उचलून आणलं तेव्हा सूर्य बुडून गेला होता, आणि खालच्या तोफा एकदम सुरू झाल्या. डोंगर हलला. एक गोळा दरवाजावर बसल्याचा आवाज आला, लाकूड फाटल्याचा.

तिला सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पोट सांभाळून, इंच इंच. दोरवालीनं तोफांकडे कान दिला नाही. खालून दोर हलला, पोचल्याची खूण. मग ती मागे वळली आणि पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात ओरडली, "सोड रे! झालं! ये!"

तोफांच्या मधल्या फटीतून दरवाजाकडून उत्तर आलं.

"आलो गं!"

आजवर तो "आलो" कधी म्हणाला नव्हता.

ती दरवाजाकडे धावली असती, पण लोहारणीच्या जावयानं तिच्या कमरेला दोर आवळला होता. "मावशी, तो मागून येतोय, त्यानंच सांगितलंय," असं म्हणत त्यानं तिला कड्याखाली सोडलं. पाठोपाठ जावई उतरला. माणसं नदीकडे निघाली. दोरवाली निघाली नाही. तिनं दोराचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं, ताणून. टोक धरलेलं असलं की उतरणाऱ्याला झोके बसत नाहीत. ती धरून उभी राहिली. वर कोणी दोराला हात लावला असता तर तिला लगेच कळलं असतं.

उजाडल्यावर ती डोंगराला वळसा घालून पुढच्या वाटेनं वर गेली. कोणी अडवलं नाही. दरवाजाबाहेर शत्रूच्या गाड्या, घोडी, सामान खोळंबून उभं होतं. दरवाजा बंदच होता. शिपायांनी तिला बाजूच्या शिडीवरून आत घेतलं. शिडीचे दोर दुसऱ्या गावचे होते.

सेनापती आत उभा होता. त्याला राग आलेला असावा, पण रात्रभरात उतरला असावा.

"तुम्ही मला फसवलंत, बाई."

"तुम्ही बघू म्हणालात," ती म्हणाली.

तो बाजूला झाला.

मिशीवाले भिंतीशी हात बांधून बसले होते. शाल अजून खांद्यावर होती. तेच बोलले.

"पहिल्या गोळ्यात अडसर मोडला. साहेबांनी दरवाजाच्या दोन्ही फळ्यांच्या लोखंडी कड्यांतून कठड्याचा उरलेला दोर ओवला आणि टोक हाताला गुंडाळलं. आम्ही धरायला गेलो तर म्हणाले, मला सवय आहे. तुमची हाक ऐकली त्यांनी. आलो म्हणाले. मग आम्हाला म्हणाले, आत्ता सोडलं तर शत्रू आपल्या माणसांमागे नदीपर्यंत पोचेल, जरा वेळानं जाऊ." त्यांनी शत्रूच्या शिपायांकडे हनुवटी केली. "नंतर हे भिंतीवरून आले."

मुलगा दरवाजाला पाठ लावून बसला होता, टाचा दगडात रोवून. डोकं एका बाजूला कललेलं. छातीवर काय झालं होतं ते तिनं पाहिलं आणि नजर हातांकडे नेली. दोर एवढासुद्धा सैल पडला नव्हता.

"मूठ सुटत नाहीये," सेनापती खालच्या आवाजात म्हणाला. "दोर कापायला सांगितला असता. पण कोणी पुढे होईना."

"कापू नका," दोरवाली म्हणाली. "चांगला दोर आहे."

ती त्याच्यासमोर खाली बसली. करंगळीपासून सुरुवात केली. घाई केली नाही. आजूबाजूला बरेच लोक जमले होते, त्यांच्यातले काही टोप्या हातात घेऊन उभे होते, आणि एकजण तिच्या मागे पुटपुटला की असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

दोरवालीनं तिकडे लक्ष दिलं नाही. कौतुक तिनं एकदा ऐकून घेतलं होतं.

"हाक मारली की यायचं असतं," ती मुलाला म्हणाली. आवाज चढला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "कळलं का? आलो म्हणायचं आणि यायचं नाही, हे कुठून शिकलास? हातातलं टाकायचं आणि यायचं. गुंता झाला तर होऊ दे. मी बसले असते सोडवत. अख्खा जन्म बसले असते."

शेवटचा अंगठा सुटला. दोर कड्यांतून सरसर निघून गेला आणि त्याच्या पाठीमागचा दरवाजा आपल्याच वजनानं हळूहळू उघडला. तिनं मुलाला मागे पडू दिलं नाही, दोन्ही हातांनी धरलं. गाड्या आत यायला लागल्या. त्या तिला वळसा घालून जात होत्या.